कागद आणि गाळ



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी ज्ञानेश्वरीवर, राज्यघटनेवर आणि ग्रहताऱ्यांवर व्याख्याने दिली. यंदा चालकांनी त्याच जागी एका कामगार कार्यकर्त्याला आणून उभे केले आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीत आटोपले. पुढचे सगळे रासायनिक कारखान्याच्या रात्रपाळीत झाले, जुन्या बाजारातून आणलेल्या कायद्याच्या पुस्तकांवर. तेव्हा भाषेत कुठे खडा लागला तर आपण तो बाजूला काढून ठेवाल, असे मी धरून चालतो.

माझा विषय रुक्ष आहे आणि त्याला वासही आहे. कारखान्यांतून जो घातक कचरा निघतो तो साठविणाऱ्या, जाळणाऱ्या आणि पुरणाऱ्या जागांची तपासणी सरकारी निरीक्षक कशी करतात, आणि ती कुठे फसते, हे मला सांगावयाचे आहे. आमचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे त्यांनी तरी म्हणू नये.

घातक कचरा म्हणजे काय, याच्या कायद्यात लांबलचक याद्या आहेत. आम्हा कामगारांच्या दृष्टीने तो असा : सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीच्या तळाशी बसणारा गाळ, ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या बुडाशी राहणारे डांबरासारखे काळे, वापरून संपलेला कोळसा, जळके तेल आणि ज्यांत हे सगळे भरून आले ती पिंपे. १९८४ साली भोपाळ झाले, १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम आला आणि त्याच्या पोटी १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. ते पुढे बदलत गेले आणि २०१६ साली नव्याने लिहिले गेले. म्हणजे त्याआधी कचरा नव्हता असे नाही. कचरा होता, त्याला नाव नव्हते.

आता एक गणित सांगतो. तपासणीचे बरेचसे शास्त्र त्या गणितात आहे.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे खेडे आहे. १९८८ च्या सुमारास तेथे एच-ॲसिड नावाचे रसायन तयार होऊ लागले. कापडाच्या रंगांसाठी ते लागते. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी या प्रकरणाचा जो निकाल दिला, त्यात आकडे आहेत. माल निघाला सुमारे ३७५ टन. त्यापायी सांडपाणी निघाले सुमारे ८,२५० घनमीटर आणि गाळ सुमारे २,४४० टन. भागाकार करून पाहा. एक किलो मालामागे साडेसहा किलो गाळ आणि बावीस लिटर विषारी पाणी. पाणी मोकळे सोडले, गाळ आवारात आणि आवाराबाहेर टाकला. पावसाने तो खाली उतरविला. ३५० हेक्टरांच्या टापूतल्या साठेक विहिरींचे पाणी माणसाला, गुराला आणि पिकालाही निरुपयोगी झाले. गावकरी इतके संतापले की जमावबंदी लावावी लागली. कारखान्याचे उत्पादन फार दिवस चालले नाही. विहिरी मात्र त्यानंतर कित्येक वर्षे तशाच राहिल्या.

या प्रकरणी न्यायालयाने ज्या संस्थेला तपास करावयास सांगितले ती आपल्या नागपूरची, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. जमीन आणि पाणी पूर्ववत करण्यास किती खर्च येईल, याचा अंदाज तिने बांधला. २०११ साली न्यायालयाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये, आणि त्यावर १९९७ पासून बारा टक्के चक्रवाढ व्याज, असा हुकूम केला. 'बिघडविणाऱ्याने भरावे' हे तत्त्व आपल्या न्यायालयांत रुजले ते या खटल्यापासून.

पण मला त्यातला भागाकारच महत्त्वाचा वाटतो. कोणत्या मालाला किती गाळ निघतो, हे रसायनशास्त्राने ठरलेले आहे. मालकाच्या मर्जीचा तो प्रश्न नाही. माल किती विकला, हे विक्रीकराच्या, आता जीएसटीच्या, कागदात लपविता येत नाही, निदान फारसे नाही. मग निरीक्षकाने उत्पादनाचा आकडा घ्यावा, त्यावरून गाळाचा आकडा काढावा आणि विचारावे : इतका गाळ निघाला, तो कुठे आहे? आवारात असेल तर दाखवा. पाठविला असेल तर पावती दाखवा. आवारात नाही आणि पावतीही नाही, तर तो कुणाच्या तरी नाल्यात आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, चौथीचा भागाकार पुरतो.

पावतीचे शास्त्रही थोडे सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. नियमाप्रमाणे कारखान्याने असा कचरा सामान्यतः नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवू नये. प्रत्येक पिंपावर झगझगीत पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'घातक कचरा' असे लिहिलेले असावे, आणि ते हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत असावे. हे स्थानिक भाषेचे कलम ज्याने घातले त्याचे मला कौतुक वाटते. पिंप उचलणारा माणूस इंग्रजी वाचत नाही, हे दिल्लीत कुणाला तरी ठाऊक होते. गाडी निघाली की तिच्याबरोबर सात प्रतींचा कागद निघतो. पांढरी प्रत पाठविणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे धाडतो, पिवळी स्वतःजवळ ठेवतो. गुलाबी घेणाऱ्याजवळ राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणारा मंडळाला पाठवितो, निळी पाठविणाऱ्याकडे परत येते, आणि परराज्यातला माल असेल तर करडी त्या राज्याच्या मंडळाकडे जाते. हे काम आता बरेचसे संगणकावर चालते, पण तत्त्व तेच. या सातांत माझ्या मते सर्वांत बोलकी निळी. निळी परत आली नाही, तर गाडी पोहोचलीच नाही. आणि निळीवरचे वजन पिवळीवरच्या वजनापेक्षा बरेच कमी असेल, तर वाटेत एखाद्या घाटाने ते कमी केले आहे. तपासणीला आलेल्या किती साहेबांनी पिवळी व निळी शेजारी शेजारी ठेवून वाचली, हे मी बोटांवर मोजून सांगू शकेन.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू.

साहेब येणार ही बातमी साहेबांच्या आधी येते. कोणत्या तारेने येते हे मला विचारू नका, पण येते. आदल्या दिवशी मुकादमाची धावपळ सुरू होते. पिंपांवर नव्या पाट्या चिकटतात. गाळ सांडलेल्या जागी चुना भुरभुरला जातो, म्हणजे काळे ते पांढरे होते. ईटीपीचे एरेटर, जे एरवी वीजबिलाच्या काळजीने विश्रांती घेत असतात, ते घरघरू लागतात. मागच्या शेडमधल्या कंत्राटी मुलांना दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते, अर्थात बिनपगारी. साहेबांची गाडी फाटकाशी आली की त्यांना सुरक्षेची फीत दाखवितात, बूट आणि टोपी देतात, मग सभागृहात काजू, बिस्किटे आणि चहा. तोवर अर्धा तास जातो. अर्ध्या तासात कोणतीही झडप बंद करता येते.

मी हे थट्टेने सांगत असलो तरी निरीक्षकांविषयी माझ्या मनात अढी नाही. एकेका क्षेत्र अधिकाऱ्याच्या अंगावर किती कारखाने असतात, गाडी असते की नसते, नमुने नेण्याची बर्फपेटी कुणाची असते, हे मी पाहिले आहे. बर्फपेटी आणि गाडी कारखान्याची असेल तर पुढचे सांगावयास नको. आणि चांगले अधिकारीही मी पाहिले आहेत.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या भागात असे एक अधिकारी होते. चहा शेवटी, असे ते फाटकावरच सांगत. आत शिरले की कचेरीकडे न जाता थेट मागच्या भिंतीकडे जात आणि गवत पाहत. सगळीकडे हिरवे आणि एकाच पट्ट्यात करपलेले गवत असेल तर तेथे थांबत. पिंपावरची पाटी वाचण्याआधी पिंपाचे बूड पाहत. पाटी कालची आणि बूड गंजून चाळण झालेले, मग नव्वद दिवसांचा हिशेब कशाला विचारायचा?

एकदा एका कारखान्यात त्यांनी ईटीपीचे वेगळे वीजमीटर मागितले. कागदावर वीस अश्वशक्तीचे दोन एरेटर चोवीस तास चालत होते. म्हणजे दोन्ही मिळून तीस किलोवॅट, दिवसाला सातशे वीस युनिटे, महिन्याला एकवीस हजारांच्या वर. मोटार पूर्ण भाराने चालत नाही असे धरले तरी पंधरा-सोळा हजार हवीतच. मीटरवर सात हजारही नव्हती. मॅनेजर म्हणाले, मीटर बिघडले आहे. अधिकारी म्हणाले, ठीक, मग चुन्याची बिले दाखवा. कारण गंधकाच्या आम्लात चुना घातला की जिप्समचा गाळ होतो, आणि एक टन विरलेल्या चुन्यामागे कोरड्या हिशेबानेही दोन टनांच्या वर गाळ निघावयास हवा. चुन्याची बिले चोख होती. इतक्या चुन्याला जितका गाळ हवा त्याच्या चौथा हिस्साही पाठविल्याची नोंद नव्हती. तेव्हा एक तर चुना घेतलाच नव्हता, किंवा गाळ कुठेतरी गेला होता. दोन्ही उत्तरे मॅनेजरच्या अडचणीची होती. मी त्या वेळी युनियनतर्फे बाजूला उभा होतो. आयुष्यात हिशेबाची इतकी गोडी मला कधी वाटली नव्हती.

नमुना घेण्याचीही एक कला आहे. पिंपाच्या तोंडातून बाटली बुडवून घेतलेला नमुना पिंपाचा नसतो, तो वरच्या थराचा असतो. तेल वर तरंगते, जड द्रावक आणि गाळ तळाशी बसतो. त्यासाठी लांब पोकळ नळी बुडापर्यंत घालून, खालचे तोंड बंद करून सगळ्या थरांचा उभा छेद काढावा लागतो. न्यायालयात उभा राहील असा सांडपाण्याचा नमुना हवा असेल तर १९७४ च्या जल अधिनियमाने रीत घालून दिली आहे : आधी नोटीस द्यावी, मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, बाटल्यांवर मोहोर लावावी, दोघांनी सही करावी. यातली एक सही राहिली की वर्षभराचा खटला एका मिनिटात कोसळतो. म्हणून वकील मंडळी पाण्याकडे बघत नाहीत, सहीकडे बघतात.

येथवर कचरा तयार करणाऱ्या कारखान्यांचे झाले. तो गोळा करून जाळणारी व पुरणारी सामुदायिक केंद्रे वेगळी. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी येथे ती आहेत. त्यांची तपासणी अधिक अवघड.

भट्टीचे पाहा. भट्टीचा दुसरा कप्पा अकराशे अंशांच्या वर तापलेला असावा आणि धूर त्यात निदान दोन सेकंद राहावा, म्हणजे विषारी रेणू मोडतात. धुराड्यातून निघणारी धूळ घनमीटरला पन्नास मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. समजा, निरीक्षकाला यंत्रावर चाळीस दिसले. पन्नासाच्या आत, झाले समाधान! पण थांबा. शेजारच्या रकान्यात प्राणवायू किती आहे? मर्यादा ठरविली आहे ती अकरा टक्के प्राणवायू धरून. भट्टीत बाहेरची हवा जास्त फुंकली की धूर पातळ होतो आणि आकडा उतरतो. दुधात पाणी घालून फॅट कमी दाखवावे तसे. धुरात प्राणवायू सतरा टक्के असेल तर हिशेब असा : एकवीसातून अकरा वजा, राहिले दहा. एकवीसातून सतरा वजा, राहिले चार. चाळीसाला दहाने गुणा, चाराने भागा. शंभर आले. मर्यादेच्या दुप्पट! पन्नासाच्या आतला आकडा वाचून वहीत बरोबरची खूण करणारा निरीक्षक आणि शेजारचा रकाना वाचणारा निरीक्षक, यांच्यात आसपासच्या वस्तीची फुप्फुसे उभी आहेत.

तपासणी मनावर घेतली तर कशी होते, हे अलीकडेच दिसले. भोपाळच्या त्या कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२५ मध्ये बारा बंद गाड्यांतून पीथमपूरला नेला. तेथील लोकांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांना नावे ठेवण्याचे धैर्य मला नाही. आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या घेतल्या : तासाला १३५ किलो, मग १८०, मग २७०. केंद्रीय आणि राज्य, दोन्ही मंडळांची माणसे हजर. ३० जून २०२५ पर्यंत सगळा कचरा जळला. मागे राख आणि अवशेष मात्र आठशे टनांहून अधिक उरले, कारण आम्ल मारण्यासाठी चुना वगैरे घालावे लागते. जाळल्याने कचरा नाहीसा होतो असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. तर सांगावयाचे असे की, ज्या कचऱ्यावर साऱ्या देशाचे डोळे होते त्याचा किलो-किलोचा हिशेब ठेवता आला. एखाद्या मंगळवारी मध्यरात्री कोणत्याही भट्टीत पडणाऱ्या बिननावाच्या पिंपाला असे नशीब नसते.

पुरण्याच्या खड्ड्याचे थोडक्यात सांगतो. तळाला चिकणमाती, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर पुन्हा तसाच जोड आणि दोहोंच्या मध्ये पाणी वाहून नेणारा थर. वरचा पडदा फाटला तर झिरपलेले पाणी मधल्या थरात सापडावे, ही योजना. निरीक्षकाने त्या मधल्या थराच्या पंपाची वही मागावी. आणि त्याने फेब्रुवारीत येऊ नये, ऑगस्टात यावे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणपट्टीत एक हेक्टर उघड्या खड्ड्यावर हंगामात तीन कोटी लिटर पाणी पडते. ते कुठे गेले? खड्ड्यावर ताडपत्री होती म्हणतात, तर ताडपत्रीचे बिल कुठे आहे? अमेरिकेत अशा केंद्राची दोन वर्षांतून एकदा तरी तपासणी झालीच पाहिजे असे कायद्यातच लिहून ठेवले आहे. उताराच्या अंगाला किमान तीन आणि वरच्या अंगाला एक विहीर खणून भूजल तपासावे, आणि खड्डा बंद झाल्यावरही तीस वर्षे लक्ष ठेवावे, असा त्यांचा नियम. आपल्याकडची पद्धतही साधारण त्याच धर्तीची आहे. तीस वर्षे! तोवर खड्डा खणणारी कंपनी त्याच नावाने हयात असेल का, हा प्रश्न मी येथे फक्त मांडून ठेवतो.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपल्याकडे दोन निरीक्षक आहेत. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, तो कुंपणाबाहेर काय जाते ते पाहतो. दुसरा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा, तो कुंपणाच्या आत कामगाराला काय होते ते पाहतो. गाळ एकच असतो. तो टाकीत असताना एकाचा, गाडीत चढला की दुसऱ्याचा. दोघे एका दिवशी एकत्र आलेले मी क्वचितच पाहिले.

याचा परिणाम काय होतो, ते एका घटनेने सांगतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात मंडळाची भेट होणार म्हणून गाळाची टाकी घाईघाईने साफ करावयास काढली. ठेकेदाराचा एक मुलगा शिडीने खाली उतरला आणि वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा उतरला, तोही राहिला. सडलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू दाट असला की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. माणूस समजतो, आता हवा चांगली झाली. आत शिरण्यापूर्वी हवा तपासावी, पट्टा आणि दोर बांधावा, वर माणूस उभा ठेवावा, हे सगळे कायद्यात होते. चार दिवसांनी मंडळाचा माणूस आला तेव्हा टाकी स्वच्छ होती आणि त्याच्या तक्त्यात टाकीपुढे 'समाधानकारक' असे लिहिले गेले. ते खोटे नव्हते. टाकी स्वच्छच होती. तिच्यात कोण मेले, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

म्हणून मी म्हणतो की, गाळ कुठून कुठे गेला हे ज्याने फावड्याने ओढले त्यालाच विचारले पाहिजे. कागद कचेरीत असतो, पण रात्री दोन वाजता कोणती झडप उघडली जाते हे रात्रपाळीचा माणूस जाणतो. निरीक्षक त्याला विचारतात का? विचारतात, मॅनेजर शेजारी उभा असताना. 'काय रे, सगळे ठीक आहे ना?' या प्रश्नाला पोटार्थी माणूस दुसरे काय उत्तर देणार?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४७ साली कामगार निरीक्षणाचा करार केला. त्याचा क्रमांक ८१. भारताने तो १९४९ साली मान्य केला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. निरीक्षकाला दिवसा वा रात्री केव्हाही, आधी न कळविता, कामाच्या जागी शिरण्याचा अधिकार असावा. आणि तक्रार कुणी केली हे त्याने सर्वस्वी गुप्त ठेवावे, इतकेच नव्हे तर ही भेट तक्रारीवरून झाली आहे, हेही मालकाला कळू देऊ नये. हे दुसरे कलम लिहिणारा कधीतरी कारखान्यात राबला असावा. कारण भेटीनंतर मालकाचा पहिला प्रश्न 'काय चुकले?' असा नसतो, 'कुणी सांगितले?' असा असतो.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोका दिसला तर तो सांगण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता आली आहे. धोका मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळविण्याचा हक्क तिच्यात आहे. पण निरीक्षकाचे नाव आता 'निरीक्षक' एवढेच राहिले नाही, तो 'सुविधाकार'ही झाला आहे. आणि कोणता कारखाना तपासायचा याची चिठ्ठी संगणकाने काढावी, अशीही तरतूद आहे. हप्ते खाणाऱ्याच्या हातून निवड काढून घेतली, एवढ्यापुरते मी त्याचे स्वागत करतो. पण संगणकाला नाक नाही. ज्या गल्लीत वास येतो तेथे आज जावे की नाही, हे चिठ्ठीवर सोडणे मला मान्य नाही. पर्यावरण अधिनियमातली तुरुंगाची शिक्षाही बहुतांशी गेली. १ एप्रिल २०२४ पासून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आहे. मालकाला गजाआड पाहण्याची मला हौस नाही. परंतु गाडीभर कचरा रीतसर जाळण्याचा खर्च आणि सापडण्याचा संभव, यांचा त्रैराशिक हिशेब मांडणारे हुशार लोक प्रत्येक कंपनीत असतात.

नागरिकांचे म्हणाल, तर २०१७ साली तळोज्यात रस्त्यावरची कुत्री निळी दिसू लागली. छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि मग मंडळाने कारखाना बंद करावयास लावला. निरीक्षकाचे काम कुत्र्यांनी केले, असे आम्ही तेव्हा म्हणत असू. आपण त्या कुत्र्यांपेक्षा जास्त करू शकता. कारखान्याच्या संमतीपत्रात किती माल, किती पाणी, किती गाळ याचे आकडे असतात. ते मिळवा आणि मघाचा भागाकार करा. पर्यावरण अधिनियमाप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक फिर्याद करू शकतो. पुण्यात हरित न्यायाधिकरणाचे पीठ आहे.

एवढे ऐकून एक प्रश्न आपल्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. कामगारांना हे सगळे ठाऊक असते, तर तुमच्या युनियना गप्प का? उत्तर सरळ आहे. मंडळाला कारखान्याची वीज आणि पाणी तोडण्याचा अधिकार आहे. कारखाना बंद झाला की मालक महिनाभर दुसऱ्या युनिटमध्ये माल काढतो. कामगाराची चूल मात्र दुसऱ्या दिवशीच थंडावते. झडपेविषयी खरे बोलावे तर मुलाची फी थकते. हा पेच ज्याने सोडविला नाही त्याने कामगाराच्या नीतिमत्तेवर व्याख्यान देऊ नये.

पेच सुटतच नाही असे नाही. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले १६८ धोकादायक कारखाने शहराबाहेर हलविण्याचा हुकूम दिला. तेव्हा बंद होण्यापासून नव्या जागी सुरू होईपर्यंतच्या काळात कामगार नोकरीतच आहेत असे समजून त्यांना पूर्ण पगार द्यावा, आणि वर वर्षभराचा पगार स्थलांतराचा बोनस म्हणून द्यावा, असेही सांगितले. हुकूम किती पाळला गेला, हा भाग वेगळा. पण प्रदूषणाबद्दलच्या बंदीचा भुर्दंड कामगारावर पडू नये, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदावर लिहिले.

ते वाक्य आम्ही करारात आणण्याच्या खटपटीत आहोत. आमच्याकडच्या एका कारखान्याशी गेल्या वर्षी वेतनकरार झाला, त्यात एक कलम आम्ही घातले : मंडळाच्या आदेशाने कारखाना बंद राहिला तर त्या दिवसांचा पगार पूर्ण मिळेल, आणि निरीक्षकाशी बोलल्याबद्दल कुणाची पाळी किंवा खाते बदलले जाणार नाही. व्यवस्थापनाने तीन बैठका हे कलम अडवून धरले. चौथ्या बैठकीत मान्य केले, कायम कामगारांपुरते. गाळाच्या टाकीत उतरतात ते ठेकेदाराचे कामगार अजून त्या कलमाबाहेर आहेत. त्यांच्यासाठीची बैठक येत्या जूनमध्ये ठरली आहे.

घंटा वाजली आहे.  कुणाला संमतीपत्रातले आकडे घेऊन बसावयाचे असेल तर मी सभागृहाच्या दाराशी थांबतो.